सीडी प्लेअर ‘नो डिस्क’ दाखवतो तेव्हा
जुने सीडी प्लेअर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

सदाशिव पेठेतील आमच्या दुरुस्ती केंद्रात येणाऱ्या जुन्या सीडी प्लेअरपैकी बहुतेकांची तक्रार एकाच वाक्याची असते : तबकडी आत जाते, थोडीशी फिरते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटतात. पुष्कळदा ग्राहकाला त्याआधीच कोणीतरी सांगितलेले असते की लेझर गेला, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, नवीन घ्या. आमचा अनुभव वेगळा आहे. यांतील बरेचसे प्लेअर नीट साफसफाई, ताजे ग्रीस आणि फार तर एखादा रबरी बेल्ट एवढ्यावर पुन्हा वाजू लागतात. म्हणून यंत्र भंगारात देण्यापूर्वी ते नेमके कुठे अडते आहे हे आपण घरी स्वतः पाहावे, अशी विनंती आहे. त्यासाठी झाकण उघडावे लागत नाही. शांत खोली आणि पाच मिनिटांचे लक्ष पुरते.

पहिली काही सेकंदे

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि तबकडी ओळखण्याचा क्रम तेव्हापासून मुळात फारसा बदललेला नाही. ट्रे बंद झाला की लेझर आणि लेन्स ज्यावर बसवलेली असते तो भाग, ज्याला आम्ही पिकअप म्हणतो, रुळावरून सरकत मध्याकडे जातो. कारण ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते. पिकअप आतल्या टोकाला पोचल्याची खूण बहुतेक यंत्रांत एक छोटासा स्विच देतो. मग लेझर सुरू होतो आणि लेन्स वर-खाली होत तबकडीतील चकचकीत थर शोधू लागते. तेथून पुरेसा प्रकाश परत आला, तरच तबकडी वेग घेते, अगदी आतल्या कडेला नोंदलेली अनुक्रमणिका वाचली जाते आणि पडद्यावर गाण्यांची संख्या व एकूण वेळ दिसते. या साखळीतील कोणतीही कडी निसटली तरी बहुतेक यंत्रे तेच दोन शब्द दाखवतात, आणि तेथेच सगळा गोंधळ सुरू होतो.

आता पंखा बंद करून यंत्राजवळ कान न्यावा. बारीक ‘टक्-टक्’ असा आवाज दोन-तीन वेळा येऊन यंत्र गप्प होत असेल, तर लेन्स शोध घेत आहे पण प्रकाश परत येत नाही, असे समजावे. लेन्सवर धूळ बसलेली असणे हे याचे सर्वांत साधे कारण आहे आणि लेझर क्षीण झालेला असणे हे त्यानंतरचे. (तबकडी उलटी ठेवली तरी हेच घडते, आणि ती उलटी ठेवली जाते, छापील नाव वरच्या बाजूला आहे ना, एवढे पाहून घ्यावे.) आवाजच येत नसेल, तर पिकअपपर्यंत वीज किंवा आज्ञा पोचत नाही, तेथे जाणारी चपटी पट्टीसारखी केबल वर्षानुवर्षे वाकून वाकून आतून तुटलेली असू शकते. ‘कर्र-कर्र’ असा आवाज बराच वेळ येत राहिला, तर पिकअप टोकाला पोचूनही मोटर त्याला ढकलत आहे, म्हणजे तो छोटा स्विच गंजून खूण देईनासा झाला आहे; ही दुरुस्ती किरकोळ असते. तबकडी मात्र भरधाव फिरू लागून थांबेनाशी झाली, तर प्रकाश मिळत आहे पण यंत्राला तबकडीवरील माहितीच्या वेटोळ्या मार्गावर पकड ठेवता येत नाही, आणि त्याचे निदान बोर्डावर मोजमाप केल्याशिवाय होत नाही.

वाजता वाजता अडखळणाऱ्या यंत्राबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सीडी एकाच गतीने गोल फिरत नाही. लेझरखालून सरकणाऱ्या मार्गाचा वेग सेकंदाला १.२ ते १.४ मीटर एवढा कायम राखायचा असल्यामुळे तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेशी येईपर्यंत सुमारे २०० फेऱ्यांवर उतरते. म्हणून पहिली गाणी अडखळत असतील आणि पुढची सुरळीत वाजत असतील, तर थकलेल्या मोटरचा संशय आम्ही आधी घेतो. उलट शेवटची गाणीच अडत असतील, तर रुळावरचे ग्रीस चिकट होऊन पिकअपला पुढे सरकणे जड झालेले असते, किंवा तबकडी कडेला मळलेली अथवा वाकलेली असते. आम्ही ग्राहकांना ‘गाणे कितवे?’ असे विचारतो ते याचसाठी.

काही यंत्रांच्या लकबी ग्राहकांना चमत्कारिक वाटतात, परंतु त्यांतही अर्थ असतो. डिसेंबरच्या थंड सकाळी न वाजणारा प्लेअर अर्ध्या तासाने वाजू लागतो, कारण तोवर आतली उष्णता ग्रीस सैल करते. याउलट सुरुवातीला चांगला चालून तासाभराने हटून बसणाऱ्या यंत्रात तापल्यावर दुबळा पडणारा भाग असतो. बहुधा पिकअप, मोटरला वीज देणारी आयसी किंवा सुकलेला कपॅसिटर. एखादा प्लेअर आडवा ठेवला की बंद आणि एका बाजूवर उभा केला की सुरू, असेही घडते. तेव्हा मोटरचे बेअरिंग किंवा लेन्सला तोलून धरणाऱ्या नाजूक तारा ढिल्या झाल्याचे ओळखावे. अशी लकब आपल्या ध्यानात आली असेल तर ती सांगण्यास संकोच करू नये. तेवढ्या एका वाक्याने आमचा तपासाचा वेळ कमी होतो.

दोष तबकडीचाही असतो

एकच तबकडी अडत असेल आणि बाकीच्या वाजत असतील, तर प्लेअरला दोष देऊ नये. सीडीवरचा मार्ग इतका दाट असतो की दोन वेटोळ्यांमध्ये केवळ १.६ मायक्रॉनचे अंतर असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदीत सहाशेहून अधिक वेटोळी मावतात. तरीही बारीकसारीक चरे सीडी निभावून नेते, यामागे दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे, लेझरचा किरण तबकडीच्या खालच्या पृष्ठभागावर शिरतो तेव्हा जवळपास ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमधून जात आतल्या थरावर पोचेपर्यंत जेमतेम दोन मायक्रॉनपर्यंत आक्रसतो, त्यामुळे पृष्ठभागावरचा धुळीचा कण त्याला पूर्ण झाकू शकत नाही. दुसरे म्हणजे, नोंद करतानाच माहिती विखरून आणि जादा जोड देऊन लिहिलेली असते, त्यामुळे मार्गाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटलेला भागही यंत्र गणिताने भरून काढते. म्हणूनच मध्याकडून कडेकडे गेलेला चरा सहसा उपद्रव देत नाही, आणि मार्गाबरोबर गोल गेलेला तेवढाच चरा गाणे अडवतो.

तबकडी पुसण्याची रीतही यावरूनच ठरते. मऊ सुती कापड किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. ताट घासल्यासारखे गोल कधीही पुसू नये. टूथपेस्ट घासून चरे काढण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, परंतु आम्ही तो सुचवत नाही; एक खोल चरा घालवताना शेकडो बारीक चरे पडलेल्या तबकड्या आम्ही पाहिल्या आहेत. आणि हे विशेष लक्षात ठेवावे की माहितीचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसून छापील बाजूच्या अगदी लगत, पातळ वार्निशाखाली असतो. खालचा चरा पुष्कळदा घासून निघतो; वरच्या बाजूने बॉलपेनने नाव लिहिताना पडलेला चरा मात्र कायमचा असतो. तबकडी उजेडासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर तो थर तेवढ्या जागी गेलेला आहे.

घरी कॉपी केलेल्या तबकड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुण्यातील अनेक घरांत मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदे, सोसायटीच्या गणपतीच्या आरत्या हा सारा ठेवा अशाच तबकड्यांवर आहे. कारखान्यात छापलेली सीडी लेझरचा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते. एकदाच लिहिता येणारी सीडी-आर नवी असताना जवळपास तेवढाच प्रकाश परत देते, परंतु तिच्यातील रंगाचा थर ऊन, उष्णता आणि काळ यांनी फिका पडत जातो. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर १५ ते २५ टक्केच प्रकाश परत देते, आणि ती बाजारात येण्याआधी बनलेल्या बहुतेक प्लेअरना ती वाचता येत नाही. यात यंत्राचा काहीही बिघाड नसतो. एमपीथ्री भरलेली तबकडीही जुना ऑडिओ प्लेअर वाजवू शकत नाही. छापील सीडी वाजते आणि घरी केलेली अडते, असे नव्याने होऊ लागले असेल, तर मात्र लेझर क्षीण होत चालल्याची ती पहिली सूचना आहे. अशा तबकड्यांवर कागदी लेबल चिकटवू नये. ते एका बाजूला सरकले की तबकडीचा तोल जातो आणि पावसाळ्यात ओल धरून सुटू लागते. आपल्याकडची अशी ध्वनिमुद्रणे वाचता येत आहेत तोवरच संगणकावर उतरवून ठेवावीत. प्लेअर दुरुस्त होतो, पुसली गेलेली मैफल परत येत नाही.

धूळ आणि ओल

शहरात चाललेल्या बांधकामांची बारीक धूळ आणि जून ते सप्टेंबरमधील दमट हवा, या दोहोंचा सर्वांत मोठा भार लेन्सवर पडतो. वर्षभर कपाटात बंद राहून गणपतीच्या आदल्या दिवशी बाहेर काढलेला प्लेअर हमखास हटतो. धुळीवर ओल बसून लेन्सवर पातळ पापुद्रा तयार होतो, कधी बुरशीही धरते. यावर सोपा उपाय असा की पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी यंत्र तासभर चालवावे. आतली ऊब ओल घालवते आणि रुळावरचे ग्रीसही हलते राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवण्यापेक्षा सुती कापडाने झाकणे चांगले.

ज्या यंत्राचे झाकण वर उघडते आणि लेन्स समोर दिसते, ती लेन्स घरी साफ करता येते. प्लग काढून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावून, लेन्सवर अलगद, दाब न देता फिरवावी आणि सुकू द्यावी. लेन्स अतिशय बारीक तारांवर किंवा स्प्रिंगांवर तरंगत असते, दाबाने ती वाकते. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मुळीच वापरू नये, प्लास्टिकची लेन्स त्याने कायमची धुरकट होते. छोटा ब्रश लावलेल्या साफसफाईच्या तबकड्या बाजारात मिळतात. त्या हलकी धूळ काढतात, परंतु चिकट थर काढू शकत नाहीत आणि पुन्हा पुन्हा वापरल्यास लेन्सला धक्के बसतात. यंत्र सुरू असताना उघड्या लेन्सकडे कधीही पाहू नये. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जवळजवळ अदृश्य असतो. अंधुक लाल ठिपका दिसतो तेवढाच प्रकाश आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात तो कितीतरी अधिक असतो.

ट्रे बाहेर येत नसेल, किंवा येऊन लगेच परत जात असेल, तर बहुधा बेल्ट ढिला झालेला असतो. तो बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ट्रे हाताने ओढू नये.

पिकअपवरचा छोटा स्क्रू

हा परिच्छेद कृपया अवश्य वाचावा. अनेक पिकअपवर लेझरचा प्रवाह ठरवणारा एक अगदी बारीक स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की क्षीण झालेला लेझर प्रखर होतो आणि न वाचणारी तबकडी वाजू लागते, म्हणून घाईची दुरुस्ती करणारे अनेक जण सर्वप्रथम तेथेच हात घालतात. परिणाम तात्काळ दिसतो आणि ग्राहक समाधानाने घरी जातो. परंतु लेन्सवरची धूळ तशीच ठेवून प्रवाह वाढवला, तर धडधाकट लेझरवर विनाकारण ताण येतो. आणि लेझर खरोखरच म्हातारा झाला असेल, तर वाढवलेला प्रवाह त्याचे उरलेले आयुष्य झपाट्याने संपवतो. आमच्याकडे आधी लेन्स साफ केली जाते, रुळांवरचे जुने ग्रीस काढून नवे लावले जाते, आणि मग पिकअपकडून येणारा संकेत ऑसिलोस्कोपवर पाहून तो कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडला जातो. तो आकडा गाठला जात असेल, तर स्क्रूला आम्ही हात लावत नाही. यापूर्वी कोणी तो फिरवलेला असेल, तर तसे आम्हाला मोकळेपणाने सांगावे.

पिकअप बदलणेच भाग असेल, तर केएसएस-२१३ किंवा एसएफ-पी१०१एन यांसारखे पुष्कळ यंत्रांत वापरले गेलेले प्रकार अजून मिळतात. बाजारात त्यांच्या नकलाही आहेत आणि त्यांतील काही महिनाभरही टिकत नाहीत, त्यामुळे बसवण्यापूर्वी आम्ही प्रत्येक नग तपासून घेतो. घरी बसवू पाहणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी : नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून संरक्षण म्हणून कथलाचा छोटा जोड दिलेला असतो. केबल जोडल्यानंतर तो काढला नाही, तर अगदी नवा पिकअपही ‘नो डिस्क’ म्हणतो. ज्या जुन्या यंत्रांचा पिकअप आता कुठेच मिळत नाही, त्यांच्याबाबत आम्ही तपासणीनंतर तसे स्पष्ट सांगतो आणि आपल्या होकाराशिवाय कोणताही खर्च करत नाही.

प्लेअर आणताना आतील तबकडी आधी काढून घ्यावी. दुचाकीवर पायांशी उभा ठेवून आणलेल्या यंत्रात मोकळी तबकडी आदळून लेन्स खरवडली गेल्याचे आम्ही पाहिले आहे. काही जुन्या यंत्रांच्या तळाशी वाहतुकीसाठीचे स्क्रू असतात. ते असल्यास आणताना घट्ट करावेत आणि घरी नेल्यावर पुन्हा सैल करावेत, नाहीतर पिकअप जागचा हलणार नाही. यंत्रासोबत रिमोट, नेहमी वाजणारी एक छापील सीडी आणि हमखास अडणारी एक तबकडी, अशा वस्तू आणाव्यात. वर सांगितल्याप्रमाणे काय ऐकू आले, कितव्या गाण्याला अडले, यंत्र थंड होते की तापलेले, हे एका कागदावर लिहून तो कागद यंत्राला चिकटवून दिलात तर फार बरे होईल.