निल्सनची दोन गाणी: एक शहर सोडणारं, एक शहराकडे निघालेलं

अमेरिकन गायक-गीतकार हॅरी निल्सनच्या दोन गाण्यांची लोक कायम गल्लत करतात: ‘एव्हरीबडीज टॉकिन’ आणि ‘आय गेस द लॉर्ड मस्ट बी इन न्यूयॉर्क सिटी’. आवाज तोच, तारा छेडत धावणारी लय तशीच, आणि दोन्हींचं नातं १९६९ च्या ‘मिडनाइट काउबॉय’ या चित्रपटाशी. पण त्या चित्रपटात वाजतं ते पहिलंच, आणि ते निल्सनने लिहिलेलं नाही.

ते गायक-गीतकार फ्रेड नीलचं. त्याला एकदाचा अल्बम उरकून मायामीला परतायचं होतं. शेवटचं एक गाणं दे आणि जा, असं मॅनेजरने सांगितलं. तेव्हा नीलने जे लिहिलं त्यात हीच ओढ आहे: भोवतीची माणसं बोलताहेत, मला ऐकू येत नाही, मी उन्हाकडे आणि समुद्राकडे चाललोय. नीलचं १९६६ चं मूळ गाणं खर्जातलं, संथ. निल्सनने लय वाढवली. त्याच्या गाण्यात व्हायोलिनचा एकच उंच सूर बराच वेळ धरून ठेवलेला आहे. खाली गिटार पळत राहते आणि मध्येच शब्द संपून नुसता आलाप उरतो. या गाण्याचा जीव मला त्या आलापातच वाटतो. १९६८ मध्ये ते आलं तेव्हा मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

संकलनाच्या वेळी दिग्दर्शक जॉन श्लेसिंजरने हे गाणं तात्पुरतं लावलं होतं. चित्रपटासाठी नवं हवं म्हणून निल्सनने ‘आय गेस द लॉर्ड...’ लिहून दिलं. त्यातला माणूस दुःखांना निरोप देऊन न्यूयॉर्कला निघतो, देव तिथेच भेटेल या आशेने. टेक्सासहून बसने न्यूयॉर्क गाठणाऱ्या जो बक या चित्रपटाच्या नायकाची गोष्ट नेमकी हीच! तरीही श्लेसिंजरने तात्पुरतंच कायम केलं, आणि माझ्या मते अगदी बरोबर केलं. निल्सनचं गाणं पडद्यावर दिसतं तेच पुन्हा सांगतं. नीलचं गाणं उलट्या दिशेचं आहे. जो हौसेने शहराकडे निघालाय आणि गाण्यातल्या माणसाला शहरातून सुटायचंय. पुढे काय होणार ते आपल्याला त्याच्या आधी कळतं. शेवटी जो आपल्या आजारी मित्राला, रॅट्सोला घेऊन बसने निघतो, तोही फ्लोरिडालाच.

चित्रपटानंतर ‘एव्हरीबडीज टॉकिन’ पुन्हा बाजारात आलं आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. निल्सनला त्यासाठी ग्रॅमी मिळालं. त्याचं स्वतःचं गाणं चौतिसाव्यावर थांबलं. ‘विदाउट यू’ या त्याच्या सर्वांत मोठ्या हिटचे शब्दही दुसऱ्यांचेच. इतक्या चांगल्या गीतकाराच्या वाट्याला हे यावं, याची मला खरंच हळहळ वाटते. म्हणून ‘आय गेस द लॉर्ड...’ चित्रपट विसरून, स्वतंत्र ऐकावं. त्यातला बँजो ऐकू आला की दोन्हींत पुन्हा घोळ होणार नाही.