गाडीच्या रंगावरची वर्तुळे कोठून येतात?

दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून उन्हात उभी केली की गडद रंगाच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसू लागतात, आणि वॉशिंग सेंटरमधल्या मुलाने गोल गोल फडके फिरवले म्हणून सारा राग त्याच्यावर निघतो. ओरखडे त्याच्या फडक्याचे असतीलही. वर्तुळे मात्र त्याची नव्हेत.

याची खातरजमा कोणालाही करता येते. बॉनेटकडे पाहत दोन पावले बाजूला सरकावे. सूर्याचे प्रतिबिंब सरकते आणि वर्तुळांचे केंद्रही त्याच्याबरोबर सरकते. रात्री पेट्रोल पंपावर तर प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वेगळे जाळे दिसते. रंगात खरोखर वर्तुळे कोरलेली असती, तर त्यांनी अशी जागा बदलली नसती.

प्रत्यक्षात पृष्ठभागावर सर्व दिशांना गेलेले असंख्य, जवळजवळ सरळ ओरखडे असतात. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा सपाट आरशाचा नियम आपण शाळेत शिकलो. ओरखडा म्हणजे एक अरुंद, लांब चर. चरीच्या लांबीच्या दिशेने हा नियम जसाच्या तसा लागू राहतो. परंतु आडव्या दिशेने तिच्या भिंती निरनिराळ्या कोनांत कललेल्या असल्यामुळे प्रकाश त्या दिशेने फाकतो. आता प्रतिबिंबापासून चार बोटे दूर असलेला एखादा बिंदू घ्या. तेथून प्रकाश आपल्या डोळ्यांत यायचा असेल, तर तो प्रतिबिंब आणि तो बिंदू यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने किंचित वळला पाहिजे, आणि तसा तो वळवू शकतो केवळ त्या रेषेला काटकोनात असलेला ओरखडा. बाकीचे ओरखडे तेथेच असतात, पण त्यांचा प्रकाश भलतीकडे जातो. प्रतिबिंबाच्या सर्व बाजूंना हीच निवड होते आणि निवडलेले तुकडे मिळून वर्तुळे भासतात. स्टीलच्या जुन्या ताटात दिव्याभोवती दिसणारी वलये याच नियमाने तयार होतात.

हे ओरखडे रंगावर नसून रंगावरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर असतात. या थराची जाडी साधारण ४० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. उदाहरणार्थ, नाशिकची जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची, आणि धूळही त्याचीच. त्यातल्या फेल्डस्पार खनिजाची कठीणता मोह्‌स मापनावर, म्हणजे खनिजांची कठीणता १ ते १० अशी सांगणाऱ्या श्रेणीवर, ६ किंवा किंचित अधिक आहे, आणि त्यापुढे क्लिअर कोटचे बहुवारिक (पॉलिमर) फारच मऊ पडते. त्र्यंबक रोडवरून धूळ घेऊन आलेल्या गाडीला सकाळी कोरडा कपडा मारणे म्हणजे तीच खनिजे बॉनेटवर घासणे होय.

पॉलिश करताना ओरखडा भरला जात नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर झिजवला जातो. पॉलिशमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कणही ओरखडेच पाडतात, पण ते दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनपेक्षा, उथळ राहिले की डोळ्यांना जाणवत नाहीत. हाताने हे काम सावलीत, धुतलेल्या व गार पत्र्यावर करावे. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन फूटभर चौरसात दाबून घासावे, मायक्रोफायबर कापडाने पुसावे आणि टॉर्च धरून पाहावे. नुसत्या कापडाने घासल्यास बोटांच्या टोकांखाली दाब एकवटतो व झीज असमान होते, म्हणून पॅड हवा. नखाला लागणारा ओरखडा या मार्गाने जाणार नाही.

बाजारातल्या अनेक ‘झटपट चमक’ द्रवांत तेले असतात. त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, क्लिअर कोटच्या जवळपास, १.५ च्या आसपास असल्यामुळे चरीत तेल भरले की प्रकाशाला चरच उरत नाही, आणि काही धुण्यांनंतर ती परत येते. काही कोटिंगांवर मिरवला जाणारा ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणतेचा असतो, पण तो हिऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या मोह्‌सच्या ९ च्या थाटात सांगितला जातो. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीवर हसणारे लोकही हा आकडा मुकाट्याने मान्य करतात, याची मला गंमत वाटते.

मात्र क्लिअर कोट पुन्हा वाढत नाही, आणि रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारी द्रव्येही त्यातच असतात. हाताने केलेले पॉलिश एका वेळी फार थोडा थर काढते, तरी दर दिवाळीला रबिंग कंपाउंड घासणे टाळावे. दरवाजांच्या कडा आणि बॉनेटवरच्या धारदार रेषा येथे थर मुळातच पातळ असतो. त्यांवर आधी मास्किंग टेप लावावी.