रिॲक्टरच्या झाकणाचे स्टड : १७० वरून १५० कसं झालं (पार्श्वभूमी)

रिॲक्टर व्हेसल म्हणजे अणुभट्टीचं मोठं पोलादी भांडं. त्याच्या झाकणाचे स्टड, म्हणजे झाकण दाबून धरणारे जाड बोल्ट, किमान किती मजबूत पाहिजेत याबद्दल कोणी वाद घालत नाही. पण त्याला वरची पण हद्द असते (शीर्षकातले १७० आणि १५० हे तिचेच आकडे), म्हणजे एका मर्यादेपेक्षा जास्त मजबूत असला तर माल रिजेक्ट, असं म्हटलं की समोरचा थांबतो. "जास्तच आली स्ट्रेंथ तर बिघडलं काय भो?" हा प्रश्न मी जळगाव एमआयडीसीत इतक्यांदा ऐकलाय की शेवटी म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. हिट ट्रीटमेंटवाला पण हेच विचारतो, पर्चेसवाला पण, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हेच विचारलं होतं.

आधी लोड किती ते बघा. मोठ्या प्रेशराइज्ड वॉटर रिॲक्टरमध्ये (पाणी दाबाखाली ठेवून उकळू न देणारी भट्टी) आतला दाब साधारण १५५ बार आणि व्हेसलचा आतला व्यास सव्वाचार-साडेचार मीटर. ४.४ मीटर धरून गुणाकार केला तर झाकणाला खालून वर ढकलणारा जोर सुमारे २४ हजार टन भरतो, तो ५४ स्टडमध्ये वाटला की एकेकाला साधारण ४४० टन. स्टड म्हणजे सात इंच जाड, दीड मीटरच्या आसपास लांब आणि मधून भोक पाडलेला, त्या भोकात रॉड टाकून स्टड किती ताणला गेला ते मोजतात. आमच्या दीपनगरच्या वीज केंद्रातल्या टर्बाइनला ओव्हरहॉलिंगमध्ये केसिंगच्या स्टडच्या भोकात हीटर घालून स्टड लांबवतात आणि मग नट फिरवतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. रिॲक्टरवर हेच काम हायड्रॉलिक टेन्शनर करतो, स्टडला वरून धरून खेचतो, तो जेमतेम एक-दीड मिलीमीटर लांबतो, तेवढ्यात नट हाताने खाली बसवायचा आणि दाब सोडायचा. पान्याला जोर नावाला पण नाही.

जुना इतिहास फार ताणत नाही. बॉयलर फुटायचे, माणसं मरायची, म्हणून १९१५ च्या सुमारास अमेरिकेत बॉयलरचा कोड छापला गेला, आपल्याकडे १९२३ ला बॉयलरचा कायदा आला, आणि अणुभट्टीच्या व्हेसलसाठी कोडचा वेगळा भाग १९६३ ला निघाला. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची. बोल्टचा डिझाइन स्ट्रेस यील्डच्या (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबायला लागतो) एक तृतीयांशावर बांधलेला आहे आणि चालू कामात सरासरी ताण त्याच्या दुप्पट, म्हणजे यील्डच्या दोन तृतीयांशापर्यंत जाऊ देतात. यात डिझाइनरला मोह असा की यील्ड वाढवलं की स्टड बारीक करता येतो, फ्लँजमध्ये, म्हणजे व्हेसलच्या जाड काठात, भोकं कमी पाडावी लागतात. त्यामुळे ४३४० जातीचं निकेल-क्रोम-मोलिब्डेनम स्टील कडक करून वापरायची सवय लागली. त्याचे क्लास ठरलेले आहेत, व्हेसलसाठी जो नेहमी वापरात येतो त्यात किमान यील्ड १३० केएसआय आणि किमान टेन्साइल (तुटायच्या आधीचा जास्तीत जास्त ताण) १४५ केएसआय. (केएसआय म्हणजे चौरस इंचाला हजार पौंड, एक केएसआय म्हणजे साधारण ६.९ मेगापास्कल.) हे दोन्ही आकडे किमान आहेत, हे डोक्यात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच निघतो.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन नियामकाने झाकणाच्या स्टडसाठी मार्गदर्शिका काढली आणि त्यात कमाल आकडा आला : अल्टिमेट टेन्साइल १७० केएसआयच्या वर नको, म्हणजे ११७२ मेगापास्कल. कारण स्ट्रेस कोरोजन. स्टील जितकं कडक तितकं ते ओलाव्यात, ताणाखाली, हळूहळू चिरत जातं, बाहेरून गंज दिसतच नाही. शार्पी टेस्टची (खाच पाडलेला तुकडा एका फटक्यात तोडायला किती ऊर्जा लागते) अटही होती, ४५ फूट-पौंड म्हणजे ६१ ज्यूल. प्लेटिंग (दुसऱ्या धातूचा मुलामा) नको, म्हणजे त्याने माल बिघडत नाही हे दाखवल्याशिवाय नको. शिवाय झाकण काढून ठेवलेलं असताना स्टड आणि त्यांची भोकं पाण्यापासून सांभाळा, असंही सांगितलं होतं.

प्लेटिंगवरून आठवलं. एका डाळ मिलच्या मशीनवर आम्ही १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट झिंक करून लावले होते, चमकदार दिसावेत म्हणून, मालकाची हौस. संध्याकाळी टाइट केले, सगळं ओके, घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर दोन बोल्टची डोकी खाली फरशीवर पडलेली आणि मशीन रात्रभर बंदच होतं! प्लेटिंगच्या टाकीत स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो, नंतर दोनशे डिग्रीच्या आसपास तासनतास भाजून तो काढावा लागतो, ते कोणीतरी गाळलं. त्याच्या खालच्या १०.९ ग्रेडला हे इतक्या सहज होत नाही. आता आकडे बघा, १०.९ चं यील्ड ९०० च्या वर आणि १२.९ चं १०८०, मेगापास्कलमध्ये. रिॲक्टरवाल्यांची आजची यील्डची हद्द १०३४, म्हणजे १५० केएसआय आहे. बरोब्बर दोघांच्या मध्ये.

आता १७० ची १५० कशी झाली. वाचताना लोकांना वाटतं की हद्द २० ने खाली आणली. तसं नाहीये ना भो, ते दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीतच. १७० हे अल्टिमेट, म्हणजे तुकडा तुटायच्या आधी जास्तीत जास्त किती ताण घेतो. १५० हे यील्ड, म्हणजे कायमचा लांबायला कधी लागतो, ०.२ टक्क्याच्या हिशोबाने. या जातीच्या क्वेंच-टेम्पर (तापवून एकदम थंड केलेल्या, मग पुन्हा बेताने तापवलेल्या) स्टीलमध्ये यील्ड हे अल्टिमेटच्या साधारण नव्वद टक्के येतं, म्हणजे १७० अल्टिमेटवाल्याचं यील्ड १५३ च्या आसपास. दोन्ही हद्दी जवळजवळ एकाच जागी पडतात. जवळजवळ. समजा एका स्टडचं सर्टिफिकेट सांगतं यील्ड १५४, अल्टिमेट १६७. १९७३ च्या नियमाने पास. १५० यील्डच्या नियमाने नापास. स्टड तोच, व्हेसल तेच, कपाटातला कागदही तोच.

आणि "स्ट्रेंथ" हा शब्द मराठीत काय इंग्रजीत काय, तीन जण तीन अर्थाने वापरून राहिले. डिझाइनवाला म्हणतो स्ट्रेंथ तेव्हा त्याच्या मनात कोडमधलं किमान यील्ड असतं. स्टोअरवाला म्हणतो तेव्हा ग्रेड. लॅबवाला म्हणतो तेव्हा मशीनवर मोजलेला आकडा. नियामकाला यातलं शेवटचं पाहिजे, मोजलेलं, कारण ग्रेडच्या कागदावर तर फक्त "किमान १३०" लिहिलंय, त्याच ग्रेडमध्ये १३५ वाला बार पण बसतो आणि १६० वाला पण. म्हणजे "आमचे स्टड १३० केएसआयचे आहेत, १५० च्या खाली आहेत" हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही. इथेच बऱ्याच चर्चा फसतात.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की डिझाइनचा हिशोब किमान आकड्यावर होतो. बार १३० चा असो की १५८ चा, डिझाइनमध्ये १३०च धरतात, वरच्या २८ चा एक पैसा जमा होत नाही. पण स्ट्रेस कोरोजनची जोखीम मात्र त्या खऱ्या १५८ वर चालते. म्हणून "जास्त आली तर बरंच की" या उत्तरात फायदा शून्य आहे, तोटाच तेवढा आहे.

१९८० च्या दशकात हे कागदावरचं प्रकरण प्रत्यक्षात दिसायला लागलं. १९८० ला नेब्रास्कातल्या एका प्लांटमध्ये कूलंट पंपाचे साडेतीन इंची स्टड बोरिक ॲसिडच्या गळतीने खाऊन काही ठिकाणी एक-दीड इंचावर आले होते. ते साधं गंजणं होतं, स्ट्रेंथशी त्याचा संबंध नाही. पण १९८२ ला मेन राज्यातल्या प्लांटमध्ये स्टीम जनरेटरच्या मॅनवेचे (माणसाला आत जायच्या तोंडाच्या झाकणाचे) २० पैकी ६ स्टड तुटलेले निघाले आणि अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींच्या तपासणीत) आणखी ५ ला क्रॅक. हे आपल्या विषयातलं. त्याच वर्षी नियामकाने सगळ्या प्रेशराइज्ड वॉटर प्लांटना बुलेटिन पाठवलं की उघडा, तपासा, कोणतं लुब्रिकंट वापरता ते कळवा. लुब्रिकंटचा प्रश्न कशाला? कारण मोली. मोलिब्डेनम डायसल्फाइड, तीच काळी पेस्ट जी आपल्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक कपाटात असते आणि बोटाला लागली की तीन दिवस जात नाही. गरम ओलाव्यात ती फुटून हायड्रोजन सल्फाइड देऊ शकते आणि कडक स्टीलला तो विषासारखा. इतकी वर्षं जो माल थ्रेड वाचवायला लावत होते तोच स्टडला चिरत होता, म्हणजे कोणाला दोष देणार.

मग बरीच वर्षं अभ्यास चालला आणि १९९० ला बोल्टिंगचा हा प्रश्न अधिकृतपणे मिटवल्याचा अहवाल आला, १९९१ ला प्लांटना पत्र. त्या अहवालात यील्ड १५० च्या वरचं बोल्टिंग म्हणजे "हाय स्ट्रेंथ", संशयित, असं ठरलं. झाकणाच्या स्टडची मार्गदर्शिका मात्र जुनीच राहिली, १७० अल्टिमेटवाली. वीस वर्षं दोन कागद दोन भाषा बोलत होते. एप्रिल २०१० ला मार्गदर्शिकेची पहिली सुधारित आवृत्ती आली आणि तिने सरळ मोजलेलं यील्ड १५० केएसआय धरलं, त्याच वर्षाच्या शेवटी लायसन्स वाढवण्याच्या तपासणीतही तेच आलं.

खरा वाद तिथे. अमेरिकेतले प्लांट ४० वर्षांचं लायसन्स ६० ला न्यायला निघाले होते, स्टड साठच्या-सत्तरच्या दशकात घेतलेले. जुनी टेस्ट सर्टिफिकेटं काढून बघितली तर काहींची मोजलेली यील्ड १५० च्या वर. प्लांटवाल्यांचं म्हणणं, आम्ही त्या वेळचा नियम पाळला, दर दहा वर्षांच्या चक्रात अल्ट्रासॉनिक करतो, क्रॅक नाही, मग आता हा माल खराब कसा? नियामकाचं म्हणणं, खराब म्हणत नाही, पण अपवाद म्हणून लिहा आणि का चालेल ते दाखवा. मला स्वतःला यील्डचा निर्णय बरोबर वाटतो. पण प्लांटवाल्यांचं एक म्हणणं खोडता येत नाही : मॅनवेच्या स्टडचा जीव घेतला तो पेस्टने आणि पाण्याने, आणि झाकणाच्या स्टडवर मोली बंद केली, मँगनीज फॉस्फेटचा थर दिला, कोरडे ठेवले तर १५४ आणि १४९ मध्ये निसर्ग काही रेघ ओढत नाही. रेघ आपण ओढलीय. तरी ती कुठेतरी ओढावीच लागते, कारण ओलावा शिरला की नाही हे दोनदा झाकण उघडण्याच्या मधल्या दीड वर्षाच्या सायकलमध्ये कोणी रोज बघत नाही, सर्टिफिकेटवरचा आकडा मात्र बघता येतो.

आपल्याकडचं थोडक्यात. तारापूरचे पहिले दोन युनिट, १९६९ पासूनचे, उकळत्या पाण्याचे, त्यांना असं बोल्टचं झाकण आहे. कुडनकुलमला रशियन व्हेसल, तिथेही ५४ स्टड, एम १७० चे (हे १७० म्हणजे मिलीमीटरमध्ये व्यास). पण आपल्या खानदेशाला सगळ्यात जवळचं काक्रापार, नवापूरच्या पलीकडे व्याऱ्याजवळ, भुसावळवरून जाणारी तापीच पुढे तिथे पोचते. आणि तिथे हा प्रश्न या रूपात नाहीच! तिथे मोठं प्रेशर व्हेसल नाही, दाब छोट्या छोट्या नळ्यांमध्ये, ७०० मेगावॅटच्या युनिटला ३९२ नळ्या, प्रत्येकीच्या टोकाला सीलचा प्लग, चालू भट्टीत मशीन तो काढून इंधन बदलतं. त्यामुळे "काक्रापारच्या झाकणाचे बोल्ट" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

आता नवा माल मागवायचा तर मोजलेलं यील्ड १३० ते १५० मध्ये आणावं लागतं, २० केएसआयची खिडकी. सात इंची बार, बाहेर आणि आत थंड व्हायचा वेग वेगळा, टेम्परिंगच्या भट्टीत थोडं तापमान कमी राहिलं तर वरून निसटतो, जास्त झालं तर खालून. हिट ट्रीटमेंटवाल्याला बार कडक आला तर परत भट्टीत घालून मऊ करता येतो, मऊ झाला तर परत क्वेंचपासून सुरुवात. म्हणून तो सवयीने वरच्या बाजूला राहतो, आणि ऑर्डरवर "कमाल" हा शब्द ठळक लिहिला नसेल तर १५६ चं सर्टिफिकेट हसतहसत हातात देतो.