वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते : पहिली-दुसरीची पुस्तकं निवडताना

गेल्या जूनमध्ये आमच्या तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत पुस्तकांचं मोठं खोकं आलं. कुठल्यातरी कंपनीच्या सीएसआर फंडातून, एकूण ८० पुस्तकं, सगळी गुळगुळीत कागदाची आणि बघताक्षणी हातात घ्यावीशी वाटणारी. मी तिथे शनिवारी वाचनाच्या तासाला जातो. दुसरीतल्या एका मुलीने त्यातलं सगळ्यात पातळ पुस्तक उचललं, मागे "पहिली पायरी" असं छापलेलं. पहिल्या पानावर एकच वाक्य होतं : वार्षिक स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली.

तिने बोट ठेवलं. "वा" म्हणाली, मग "षि" म्हणाली, थांबली, वरच्या रफाराकडे बघितलं आणि म्हणाली, "वाषिर्क?" मग माझ्याकडे बघितलं. तिला व येतो, काना येतो, ष येतो, वेलांटी येते, रफारसुद्धा येतो, बाईंनी तो आधीच शिकवलाय. पण स्नेहसंमेलनाजवळ जायच्या आधीच तिने पुस्तक मिटून खोक्यात ठेवलं आणि दुसरं घेतलं, ज्यात हत्ती होता.

"मुलांना वाचायची आवडच राहिली नाही, मोबाईलने बिघडवलं" हे वाक्य मी दर महिन्याला एकदा तरी ऐकतो, आणि दरवेळी मला ते "वाषिर्क" आठवतं. मोबाईलचं काय ते वेगळं बघू, पण इथे प्रॉब्लेम पुस्तक निवडणाऱ्याचा होता. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या असरच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे दहातली सातेक मुलं एक इयत्ता खालच्या मजकुराशी अजून झटतायत, आणि आपण त्यांच्या हातात काय देतोय हे उघडून बघत नाही.

तर आता ते वार्षिक जवळून बघू, कारण मला त्यात प्रचंड इंटरेस्ट आहे.

"र्षि" या अक्षरात आवाजाचा क्रम आहे र्, मग ष्, मग इ. कागदावर डावीकडून उजवीकडे काय दिसतं? आधी वेलांटी, मग ष, आणि त्याच्या डोक्यावर रफार. जे शेवटी बोलायचं ते सगळ्यात आधी दिसतं आणि जे आधी बोलायचं ते शेवटी वर बसलेलं असतं. क्रम अख्खा उलटा. आर्थिक, मार्मिक, धार्मिक, सगळीकडे हेच. साध्या "पिशवी"तसुद्धा वेलांटी प च्या आधी येते, म्हणजे डोळ्याला "इ" आधी मिळाली तरी तोंडाने ती प नंतर काढायची असते, आणि "अस्थिर"मध्ये तर ती वेलांटी स् आणि थ दोघांना ओलांडून मागे धरून ठेवावी लागते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता या दोघी संशोधकांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर नेमकं हेच तपासलं, आणि जिथे स्वराची खूण अशी जागा सोडून बसते ते शब्द वाचताना जास्त अडखळायला होतं असं त्यांना दिसलं.

आपल्याला हे जाणवत नाही कारण आपण "र्षि"चे तुकडे करतच नाही, अख्खं अक्षर एक चित्र म्हणून उचलतो. हे कसं होतं? वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्याकडे १८७० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या अभ्यासातून हे पुढे आलं. प्रत्येक थांबा मोठ्या माणसाचा साधारण पाव सेकंदाचा, मग एक झटकन उडी, आणि उडीच्या त्या क्षणात डोळा जवळपास काही घेत नाही. शिवाय अगदी स्पष्ट दिसतं ते मधल्या छोट्या भागातलंच, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढं, बाकीचं सगळं धूसर. शिकणाऱ्या मुलाचे थांबे जास्त लांब, उड्या आखूड आणि मागे परत येणं खूप. एकेका थांब्यात त्याने खूण ओळखायची, तिचा आवाज आठवायचा, तो योग्य क्रमात लावायचा, आधीचा आवाज डोक्यात धरून ठेवायचा, मग सगळं जोडून "हा शब्द मला माहीत आहे का" हे बघायचं. हे धरून ठेवण्याचं काम वर्किंग मेमरी करते आणि ती सहा-सात वर्षांच्या मुलात फार लहान असते. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात सांडून जाते.

आणि मेंदूत वाचनासाठी जन्मतः केलेली अशी जागा नाहीच. लिपी येऊन जेमतेम पाचेक हजार वर्षं झाली, उत्क्रांतीला तेवढ्यात नवा भाग बनवणं शक्य नव्हतं. स्टानिस्लास दहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा, डाव्या बाजूला मागे आणि खालच्या अंगाला, सरावाने अक्षरांसाठी कामाला लागतो. २०१७ मध्ये लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं, तर बदल नुसते वरच्या थरात नव्हते, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली आणि लक्ष सांभाळणाऱ्या जुन्या भागांपर्यंत पोचले होते. आपली देवनागरी, आणि आपल्यासारख्याच गावातली माणसं! मला हे वाचून अक्षरशः उभं राहावंसं वाटलं होतं.

मग पुस्तकाचा इथे संबंध काय, तर डेव्हिड शेअर या वाचनाच्या संशोधकाने १९९५ मध्ये मांडलेली स्वयंशिक्षणाची कल्पना. मूल एखादा शब्द स्वतः अक्षरं जोडून बरोबर वाचतं तेव्हा प्रत्येक वेळी त्याचं अख्खं चित्र मेंदूत थोडं पक्कं होतं, आणि बऱ्याच शब्दांना अशा मोजक्या भेटी पुरतात. पण जोडून वाचलं तरच. कुणी सांगून टाकलं किंवा चित्र बघून अंदाज केला तर ती भेट झाली नाही असंच धरा. म्हणजे मुलाने स्वतः वाचायचं पुस्तक असं हवं की त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द त्याला आज येणाऱ्या अक्षरांतून फोडता येईल, आणि पानावर एखादाच नवा अडथळा असेल. इंग्रजीत २६ अक्षरं शिकली की निदान खुणा संपतात. आपल्याकडे चौतीसेक व्यंजनांची नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. वाचनावर संशोधन करणाऱ्या सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमध्ये दाखवलंय की मुलं चौथीपर्यंत अक्षरं शिकतच असतात. मराठीतही वर्गात तेच दिसतं, त्यामुळे "पहिलीत अक्षरं संपली, आता काहीही द्या" हे चालत नाही.

पुस्तकामागे छापलेल्या पायऱ्यांवरही म्हणूनच आंधळा भरवसा ठेवू नका. बहुतेक ठिकाणी पातळी ठरवताना शब्दांची संख्या बघतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, जे २०१५ पासून फुकट आणि खुल्या परवान्याने गोष्टी देतंय आणि ज्याचं मी मनापासून कौतुक करतो, तिथेही पहिल्या पातळीला साधारण २५० पर्यंत शब्द असा हिशेब आहे, सोपे शब्द हवेत हेही आहे. पण मराठी शब्द चिकटत जातो. इंग्रजीत जिथे चार-पाच शब्द लागतात तिथे आपण "घरासमोर" म्हणतो, आणि पुढे "घरासमोरच्यांकडून"सुद्धा एकच शब्द! शब्द मोजून मराठीची अवघडता कळत नाही. जोडाक्षरं मोजा, रफार मोजा, पाच अक्षरांपेक्षा लांब शब्द मोजा. एका पुस्तकाला पाच मिनिटं लागतात.

आता चित्रं. मला चित्रं आवडतात आणि चित्रांशिवाय लहान मुलांचं पुस्तक मी विकत घेणार नाही. पण चित्र काय काम करतंय ते बघायला हवं. अमेरिकेत २०२० मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रासमोर पुस्तक वाचायला दिलं. चित्रं ठेवली, फक्त गोष्टीशी संबंध नसलेलं काय काय त्यातून काढून टाकलं, तर मजकुरावरून नजर हटणं कमी झालं आणि गोष्ट जास्त समजली. कारण तेच, पाव-अर्ध्या सेकंदाचे थांबे. नजर कोपऱ्यातल्या फुलपाखराकडे गेली की परत येऊन ओळ शोधावी लागते आणि हातात धरलेले आवाज तोवर गेलेले असतात. वर्गाच्या भिंतींचंही असंच आहे. २०१४ च्या एका छोट्या प्रयोगात, बालवर्गातली २४ मुलं, तक्त्यांनी खच्चून सजवलेल्या खोलीत साधारण ३९ टक्के वेळ मुलांचं लक्ष भलतीकडे होतं आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत २८ टक्के. हे वाचून लगेच सगळे तक्ते फाडू नका, पण शिकवताना फळ्याच्या बाजूची भिंत तरी मोकळी ठेवा.

दुसरी एक परीक्षा घरी करता येते. पान उघडायचं आणि चित्रावर वही ठेवायची. चित्रात ठिपक्यांचा प्राणी आणि खाली "बिबट्या" लिहिलंय, मूल मजेत "वाघ" म्हणतं आणि पुढे जातं, आपण म्हणतो वा, वाचायला लागलं! वही ठेवली की कळतं.

याच्या पुढे जाऊन काही क्लासवाले डोळ्यांवर पट्टी बांधून मुलाला पुस्तक वाचायला लावतात आणि त्याला मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात, हजारो रुपये फी घेतात. ही सरळ फसवणूक आहे. नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसतं, मूल तिथून बघतं, आणि ती फट नीट बंद केली की मिडब्रेनही बंद. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे पुन्हा पुन्हा उघड करून दाखवलंय. वाईट याचं वाटतं की तिथे मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं, आणि त्या फीमध्ये एका वर्गाचं वाचनालय झालं असतं. "तुमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे" म्हणून महागडे किट विकणारेही आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची अशी ठरावीक शैली असते आणि तसं शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही हे २००८ मध्येच एका मोठ्या आढाव्यात स्पष्ट झालंय. साधनं पैशांनी चांगली होत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं यांवर बालवाडी उभी केली होती.

तर जुलैत बाईंनी आणि मी ती ८० पुस्तकं सतरंजीवर ओतली आणि ढीग केले. मुलांनी स्वतः वाचायची, बाईंनी वाचून दाखवायची, आणि बाजूला ठेवायची. वाचून दाखवायच्या ढिगाला अक्षरांची अट नाही. तिथे शब्द अवघड असलेले चांगलेच, स्नेहसंमेलन तिथे हवंच, कारण अक्षरं फोडता आली तरी शब्दच कधी कानावर पडला नसेल तर वाचून हाती काही लागत नाही. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये हे गुणाकारात मांडलं, अक्षर फोडणं गुणिले भाषा समजणं, दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. त्या ढिगात ५१ पुस्तकं गेली. १५ बाजूला राहिली, काहींत गडद चित्रावरच मजकूर छापलेला, एकात "कैऱ्या"च्या जागी "कैर्या" छापलेलं. आणि दुसरीच्या मुलांनी आज स्वतः वाचावीत अशी निघाली १४.

रफाराचं पुस्तक त्यात एकही नव्हतं, म्हणजे रफाराचे आठ-दहा सोपे शब्द परत परत येतील आणि बाकी सगळं ओळखीचं असेल असं. मग ते वर्गातच केलं. मुलांनी शब्द गोळा केले, गर्दी, पर्स, नर्स, सर्कस, बर्फी, कुर्ता. ए-फोर कागद मधून दुमडून स्टेपल केला, डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर एकच ओळ, मोठ्या अक्षरात, दोन ओळींची जागा सोडून, रफार लाल स्केचपेनने. पहिल्या पानावर आहे : सर्कशीत गर्दी. दुसऱ्यावर : नर्सची पर्स पडली. ती मुलगी पर्सवर थांबली, लाल रफाराकडे बघितलं, मग परत प कडे आली आणि म्हणाली, "पर्स. पर्स कुणाला सापडली?" आणि पान उलटलं.