शोधातला क्लिक आणि फीडमधला क्लिक

‘ऑनलाइन जाहिरात करून पाहिली, पैसे गेले, गिऱ्हाईक काही आलं नाही.’ छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी लगेच उलटं विचारते: कुठली जाहिरात? शोधातली की फीडमधली? बहुतेकदा समोरचा माणूस गोंधळतो. त्याच्या लेखी जाहिरात ती जाहिरात. आणि गोंधळ होणं साहजिकही आहे. दोन्हीकडे तेच कार्ड जोडायचं, दोन्हीकडे रोजचं बजेट भरायचं, दोन्हीकडच्या अहवालात रकानेही तेच: किती वेळा दिसली, किती क्लिक आले, एक क्लिक कितीला पडला. रकाने सारखे असले तरी त्यातले आकडे एका मापाचे नसतात. छोट्या धंद्याचा पैसा सगळ्यात जास्त इथेच वाया जातो असं माझं ठाम मत आहे.

शोधातली जाहिरात म्हणजे गूगलवर किंवा बिंगवर कुणी काही टाइप केलं की निकालांबरोबर ‘प्रायोजित’ अशा पाटीसह दिसणारी. नळ फुटलाय, एका हातात फडकं, दुसऱ्या हातात फोन, आणि माणूस लिहितो: ‘प्लंबर आत्ता’. गरज त्याने स्वतःच सांगून टाकली आहे. तुम्ही फक्त तिथे हजर असायला हवं.

फीडमधली जाहिरात फेसबुक-इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना मध्येच येते. समोरच्याने काहीही मागितलेलं नसतं. तो मित्राच्या सहलीचे फोटो पाहायला आलेला असतो आणि तुम्ही त्याला हाताने बनवलेली लाकडी खेळणी दाखवता. अशी खेळणी कुणी बनवतं हेच त्याला क्षणापूर्वी ठाऊक नव्हतं.

पहिला माणूस तुमच्या दारात आला, दुसऱ्याच्या दारात तुम्ही गेलात.

दोन्हींचा जन्मही वेगवेगळ्या काळातला. शोधातल्या जागेसाठी बोली लावायची कल्पना १९९८ मध्ये ‘गोटू’ या सर्च इंजिनाने बाजारात आणली. गूगलचं ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झालं, तेव्हा पैसे जाहिरात किती वेळा दिसली यावर लागत. क्लिकमागे बोली २००२ मध्ये आली. २०१८ पासून तेच ‘गूगल अ‍ॅड्‌स’ झालं. फेसबुकने जाहिरातींची स्वतःची यंत्रणा नोव्हेंबर २००७ मध्ये आणली. तेव्हा जाहिराती मुख्यतः बाजूच्या पट्टीत दिसत. न्यूज फीडच्या मधोमध त्या २०१२ मध्ये आल्या.

आता लिलावाकडे येऊ, कारण खरा फरक तिथे उघड होतो. दोन्हीकडे तुमची जाहिरात दाखवायची की नाही हे दर वेळी त्या क्षणी होणाऱ्या लिलावात ठरतं, आणि दोन्हीकडे फक्त जास्त पैसे ओतून जिंकता येत नाही. गूगल बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही पाहतं: लोक तिच्यावर क्लिक करतील का, शोधलेल्या शब्दांशी ती जुळते का, क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का. म्हणून नेमकी लिहिलेली छोट्या दुकानाची जाहिरात मोठ्या बोलीवाल्याच्या वर बसू शकते. मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी, बोलीबरोबर असा अंदाज बांधते की हा विशिष्ट माणूस तुम्हाला हवी ती कृती करेल का, आणि त्यात जाहिरातीचा दर्जा मिळवते.

पण पैसे कशाचे घेतले जातात? गूगलच्या शोधात साधारणपणे क्लिक झाला तरच. फीडमध्ये बहुतेक वेळा जाहिरात दिसली की मीटर पडायला लागतो, मग कुणी बोट लावो अगर न लावो. अहवालात ‘प्रति क्लिक खर्च’ दोन्हीकडे दिसतो खरा, पण फीडमध्ये तो निव्वळ भागाकार असतो: एकूण खर्च भागिले क्लिक. एकीकडे क्लिक हा माल आहे, दुसरीकडे तो हिशोबातून निघालेला आकडा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘फीड स्वस्त पडतं’ म्हणणारे सल्लागार मला बरेच भेटलेत, आणि त्यांच्या बोलण्यावर विसंबून शोधातली चालू जाहिरात बंद करणारे दुकानदारही.

फीडमधला क्लिक स्वस्त का पडतो, याचंही एक कारण आहे. तिथे जाहिरात लावताना आधी उद्दिष्ट निवडावं लागतं: लोकांनी पाहावं, पोस्टला प्रतिसाद द्यावा, संकेतस्थळावर यावं, चौकशीचा फॉर्म भरावा, खरेदी करावी. तुम्ही जे मागता तेच यंत्र शोधून आणतं, आणि अगदी इमानदारीने आणतं. नुसते क्लिक मागितले तर दिसेल त्यावर बोट लावायची सवय असलेली माणसं ते गोळा करतं. खरेदी मागितली तर क्लिक कमी येतील, महागही वाटतील, पण त्यामागे खरेदीची शक्यता जास्त असेल. पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण (पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवणारं) यासाठीच सांभाळून दाबावं. घाईत दाबलं तर बहुधा लाइक आणि कमेंट येतात. त्यांनी बरं वाटतं, पण दुकानाचं भाडं त्यातून निघत नाही.

शोधातली फसगत निराळीच असते. तिथे तुम्ही शब्द विकत घेता, आणि शब्द निसरडे असतात. ‘प्लंबर’ हा शब्द आधीच निवडलेल्या ‘ब्रॉड मॅच’ सेटिंगवर (म्हणजे जवळपासच्या अर्थाच्या शोधांनाही जाहिरात दाखवणाऱ्या) सोडला, तर ‘प्लंबरची नोकरी’, ‘प्लंबिंगचा कोर्स’, ‘नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा’ असं शोधणाऱ्यांनाही तुमची जाहिरात दिसू शकते. यातला एकही माणूस तुम्हाला बोलावणार नाही, पण क्लिक केला की पैसे गेले. उपाय म्हणजे ‘फ्रेज’ किंवा ‘एक्झॅक्ट’ मॅच, म्हणजे तुमच्या शब्दांशी जास्त घट्ट जुळणारे पर्याय, वापरायचे आणि नोकरी, कोर्स, फुकट यांसारखे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’ म्हणून, म्हणजे ते शोधात असतील तर जाहिरात दाखवू नका असं सांगून, घालायचे. दर आठवड्याला ‘सर्च टर्म्स’चा अहवाल उघडा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं होतं ते त्यात दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास चपापतो.

आणखी दोन ठिकाणी नजर हवी. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘इथे असलेले किंवा या ठिकाणात रस दाखवणारे’ असा पर्याय आधीच निवडलेला असतो. दुरुस्तीला स्वतः जाणाऱ्या माणसाने तो बदलून फक्त त्या भागात असलेल्यांपुरता ठेवावा. आणि शोधाच्या मोहिमेतच ‘डिस्प्ले नेटवर्क’ची खूण असते, ती काढून टाका. नाहीतर शोधासाठी काढलेल्या पैशातून तुमची जाहिरात भलत्याच साइटवर झळकते. रोजच्या बजेटबद्दलही दचकू नका: गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट खर्च करू शकतं, पण महिन्याला रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपुढे जात नाही.

मजकुराचं गणितही उलटंपालटं आहे. शोधात मथळ्याला ३० अक्षरं आणि वर्णनाला ९० अक्षरं मिळतात. तिथे अलंकार नकोत. माणसाने जे विचारलं त्याचं उत्तर, वेळ, भाग, फोन एवढं पुरे. फीडमध्ये सगळा भार चित्रावर आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांवर असतो. शोधातली चांगली जाहिरात महिनोन्‌महिने चालते, कारण रोज नव्या माणसाचा नळ गळतो. फीडमधली जाहिरात शिळी होते. त्याच माणसांना ती पुन्हा पुन्हा दिसते, ‘फ्रीक्वेन्सी’चा आकडा चढतो, प्रतिसाद उतरतो, आणि नवं चित्र आणावंच लागतं. ही मेहनत कुणी आधी सांगत नाही.

मग आधी काय करावं? लोक तुमच्या कामाचं नाव घेऊन शोधत असतील तर शोधापासून सुरुवात करा. गूगलच्या ‘कीवर्ड प्लॅनर’मध्ये त्याचा अंदाज येतो. तुमची वस्तू अशी असेल की ती असते हेच लोकांना ठाऊक नाही, तर शोधात कितीही पैसे लावा, विचारणारंच कुणी नसेल. तिथे फीड. आणि पैसा थोडा असेल तर कृपा करून तो दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाटू नका. जाहिरात कुणाला दाखवावी हे मेटाच्या यंत्रणेला शिकायला आठवड्यात साधारण ५० वेळा हवी ती कृती घडलेली लागते. अर्ध्या पैशात ती संख्या गाठली जात नाही आणि जाहिरात कायम चाचपडत राहते.

दोन्ही एकदम चालवलीच, तर श्रेयाचा वाद उभा राहतो. मेटा साधारणपणे क्लिकनंतर ७ दिवसांत किंवा नुसतं दिसल्यावर १ दिवसात झालेली खरेदी आपल्या नावावर मांडतं. गूगलची नेहमीची मुदत क्लिकनंतर ३० दिवसांची. त्यामुळे एकच गिऱ्हाईक दोन्ही अहवालांत दिसू शकतं, आणि अहवालांची बेरीज गल्ल्यापेक्षा मोठी भरते. त्यात एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या आयओएस १४.५ पासून अ‍ॅपना वापरणाऱ्याचा माग काढायला परवानगी विचारणं सक्तीचं केलं, तेव्हापासून फीडच्या आकड्यांत अंदाजाचा भाग वाढला. म्हणून वहीत एक रकाना आखा आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ उत्तरं तंतोतंत नसतील, पण ती तुमची असतील.

श्रेयाची सगळ्यात मोठी उलाढाल स्वतःच्या नावाच्या शोधात होते. खेळणी फीडमध्ये पाहिली, चार दिवसांनी नाव आठवलं, गूगलवर टाकलं, वर तुमचीच जाहिरात दिसली, क्लिक. श्रेय शोधाला गेलं, काम फीडने केलं होतं. ऑनलाइन खरेदी-विक्रीची कंपनी ईबेने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या शब्दांवरच्या जाहिराती थांबवून पाहिल्या; जवळपास सगळे लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तसेच येत राहिले. ईबे जगजाहीर नाव आहे, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लहान दुकानाला लावू नये. तुमच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल तर गोष्ट वेगळी.

पण प्रयोग तुम्हालाही करता येतो. फीडची जाहिरात दोन आठवडे एकाच भागात चालू ठेवा, तशाच दुसऱ्या भागात बंद. मग दोन्ही भागांतल्या ऑर्डरी आणि फोन मोजा, आणि दोन्हीकडून तुमचं नाव टाइप करून किती जण आले तेही पाहा.