गोल्डन-विंग्ड आणि ब्लू-विंग्ड वॉर्बलर यांचा संकर

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात विणीच्या हंगामात येणाऱ्या दोन छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये होणारा नैसर्गिक संकर. (इंग्रजीत वॉर्बलरच म्हटल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या वटवट्यांशी यांचे जवळचे नाते नाही, त्यांचे कुळच वेगळे.)

दोन्ही पक्ष्यांचे वजन जेमतेम ९ ग्रॅम. दिसायला मात्र ते अगदी निराळे. गोल्डन-विंग्डची पाठ करडी, पोट पांढुरके, माथा व पंखावरचा पट्टा पिवळा आणि नराचा गळा काळाभोर. ब्लू-विंग्डचे डोके व पोट पिवळेधमक, पंख निळसर करडे, डोळ्यातून गेलेली काळी रेघ बारीक. जिथे दोन्ही भेटतात तिथे त्यांच्या जोड्या जमतात आणि त्यांची पिल्ले पुढे प्रजननक्षम असतात.

या संकरजांपैकी दोन रूपांना १८७४ मध्ये स्वतंत्र जाती समजून नावे दिली गेली : ब्रूस्टर्स वॉर्बलर आणि लॉरेन्सेस वॉर्बलर. काळा गळा हा अप्रभावी गुण असल्याने पहिल्या पिढीत तो लपतो. ही पिढी बहुधा ब्रूस्टर्सच्या रूपाची असते. पिवळे अंग आणि काळा गळा असलेला लॉरेन्सेस पुढच्या पिढ्यांतच दिसतो, म्हणून तो दुर्मिळ. आवाजावरून ओळख पटवणे धोक्याचे, कारण संकरज नर बहुतेक वेळा दोहोंपैकी एकाच जातीचे गाणे गातो.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दोघांचे जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडे) ९९.९७ टक्के सारखे आढळले. ठळक फरक फक्त सहा ठिकाणी होते आणि त्यांतली बहुतेक पिसांचा रंग वा घडण ठरवणाऱ्या जनुकांजवळची. गळ्याच्या काळेपणाचा संबंध त्यांतल्याच एका जागेशी लागला. इतका ठसठशीत फरक इतक्या थोड्या जागांवर उभा असावा, हा या अभ्यासातला सर्वांत विलक्षण भाग आहे. या दोघांना एकच जाती मानावे काय, हा प्रश्न त्यामुळे जोर धरतो.

गोल्डन-विंग्डची संख्या बऱ्याच भागांत घटली आहे. दोष नुसता संकराला देणे योग्य नाही. या पक्ष्याला लागणारी झुडपी, नव्याने वाढणारी रानेही कमी झाली आहेत.

२०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात आणखी गुंतागुंतीचा एक नर सापडला. त्याची आई याच दोन जातींची संकरज होती, तर बाप निराळ्या प्रजातीतला (जातीहून वरच्या गटातला) चेस्टनट-साइडेड वॉर्बलर. तो गात होता बापाचे गाणे.