दोन मार्विन आणि एक गलका

'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणं गाण्याने सुरू होत नाही. आधी चार-सहा जणांचा गलका कानावर येतो. कुणीतरी आलेलं असतं, कुणी त्याला हाक मारतं, कुणी हसतं. मग त्या गलक्यातून ऑल्टो सॅक्सोफोनची एक लकेर वर चढते आणि अमेरिकन गायक मार्विन गे गायला लागतो. गलका करणाऱ्यांत मेल फार आणि लेम बार्नी होते. दोघंही डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे खेळाडू आणि गेचे दोस्त. लकेर एली फोंटेनची. तो वाद्यावर हात साफ करत, गमतीने काहीतरी वाजवत होता. गेने तेवढंच उचललं आणि काम झालं म्हणून त्याला घरी जायला सांगितलं.

जानेवारी 1971 मध्ये हे गाणं एकटं बाजारात आलं आणि मे महिन्यात याच नावाचा अल्बम. नऊ गाणी, एकातून दुसरं निघत जाणारी, सगळी मिळून सुमारे 35 मिनिटांची. विषय व्हिएतनामचं युद्ध, गरिबी, नशा, प्रदूषण. गेची गाणी काढणाऱ्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा मालक बेरी गॉर्डी याला हे गाणं अजिबात पसंत नव्हतं. आज हा अल्बम सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारातला एक मानदंड मानला जातो. पन्नास वर्षांनी, जून 2021 मध्ये, ॲपल म्युझिकने डॉल्बी ॲटमॉस या चहूबाजूंनी आवाज ऐकवणाऱ्या तंत्रातली गाणी ऐकवायला सुरुवात केली तेव्हा नमुन्याला हेच गाणं घेतलं: आधी मोनो, मग स्टिरिओ, मग ॲटमॉस. निवडणाऱ्याला कान होता असं मला वाटतं. माणसाचं ऐकणं कसं चालतं हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीचं गाणं सापडणं कठीण आहे.

अशा चौफेर आवाजात, म्हणजे सराउंडमध्ये, जुना अल्बम ऐकून उठलेले लोक हटकून म्हणतात, 'हे वाद्य मी पहिल्यांदाच ऐकलं.' खरं तर टेपवर नव्हतं असं काहीही त्यात आलेलं नसतं. तरी ते खोटं बोलत नसतात.

आधी एक घोळ निस्तरू. 'रीमास्टर' आणि 'सराउंड' हे शब्द जाहिरातीत एका दमात येतात, पण कामं दोन आहेत. स्टुडिओत प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज टेपच्या वेगवेगळ्या पट्टीवर नोंदवला जातो. त्या सगळ्या पट्ट्या एकत्र करून दोन वाहिन्यांचा स्टिरिओ बनतो, तो मिक्स. मिसळ एकदा वाढली की त्यातली मटकी वेगळी काढता येत नाही, फार तर वरून लिंबू पिळता येतं. रीमास्टर म्हणजे ते लिंबू पिळणं. सराउंडसाठी मात्र मूळ पट्ट्यांकडेच परत जावं लागतं, कारण कुठला आवाज कुठल्या दिशेने यावा हे एकेका आवाजाबाबत ठरवायचं असतं. पट्ट्या हरवल्या असतील तर हल्ली संगणक तयार मिक्समधूनही गाणं, ढोल, बास बऱ्यापैकी वेगळे काढून देतो. मूळ पट्टीची सर त्याला नाही.

आता तो गलका. 1953 मध्ये कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच माणसाकडून दोन वेगवेगळे उतारे वाचून घेतले, दोन्ही ध्वनिमुद्रणं एकत्र केली आणि ते मिश्रण श्रोत्यांच्या दोन्ही कानांत सारखंच सोडलं. एक उतारा ऐकून तोंडाने म्हणत जायचा होता. श्रोते मेटाकुटीला आले. तोच भाग पुन्हा पुन्हा ऐकावा लागला, आणि मधूनच दुसऱ्या उताऱ्यातली वाक्यं पहिल्यात शिरत होती. मग चेरीने एक उतारा डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात दिला. काम एकदम सोपं झालं. शब्द तेच, माणूस तोच, फक्त दिशा वेगळी. गर्दीत हव्या त्या माणसाचं बोलणं निवडून ऐकण्याच्या या करामतीला तेव्हापासून 'कॉकटेल पार्टी'चं कोडं म्हणतात.

एक आवाज दुसऱ्याला झाकतो, पण दोघांच्या दिशा वेगळ्या केल्या की झाकण सरकतं. किती? अनुकूल परिस्थितीत 10 डेसिबलांच्या आसपास. म्हणजे गर्दीत बुडालेला आवाज दहापट ताकदीने वाजवावा, जवळपास तेवढा फायदा नुसती जागा बदलून मिळतो. सराउंडमध्ये 'पहिल्यांदा ऐकू आलेलं' वाद्य या फायद्यातून वर आलेलं असतं. चांगल्या सराउंड संचासमोर बसला असाल तर एक कान बोटाने घट्ट बंद करून पाहा. खोलीतले सगळे स्पीकर तसेच वाजत असतात, पण वेगळी झालेली वाद्यं पुन्हा एकमेकांत मिसळू लागतात, कारण वेगळं करण्याचं काम स्पीकर नव्हे, दोन कानांची तुलना करणारा मेंदू करत होता.

ही तुलना कशाची, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडलं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला थोडा नंतर. डोक्याची रुंदी पाहता हा फरक फार झाला तर 0.65 मिलिसेकंदांचा. आपल्याला मात्र 10 मायक्रोसेकंदांच्या जवळपासचा फरकही जाणवू शकतो, म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग. चढ्या स्वरांसाठी दुसरी खूण कामी येते: डोकं मध्ये आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो. खर्जाच्या लाटा डोक्याला वळसा घालून निघून जातात. या गाण्यात बास वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनच्या गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर 41 हर्ट्झचा स्वर निघतो, त्याची तरंगलांबी आठ मीटरांहून जास्त. इतक्या लांब लाटेपुढे माणसाचं डोकं म्हणजे काहीच नाही. म्हणून तर खोल खर्जाचा खोका कोपऱ्यात कुठेही ठेवला तरी चालतो. बासची दिशा कळतेच ती त्या स्वरावर चढलेल्या वरच्या स्वरांमुळे आणि बोटाच्या आघातामुळे. बोटाच्या, एकवचनी. जेमर्सन एकाच तर्जनीने तार छेडायचा.

जेमर्सनवरून सराउंडच्या एका लाडक्या दाव्याकडे येतो: 'तुम्ही त्या दिवशी स्टुडिओत बसल्यासारखं ऐकाल.' इथे ते शक्यच नाही. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या मोटाउनच्या घरातला स्टुडिओ ए म्हणजे वादकांच्या भाषेत 'सापांचा खड्डा'. मोटाउनमध्ये बास गिटारपुढे मायक्रोफोन ठेवण्याचा रिवाज नव्हता. तिची वायर थेट मिक्सिंगच्या यंत्राला जोडत. त्यामुळे बास खोलीत नेमका कुठे वाजत होता या प्रश्नाला टेपवर उत्तरच नाही. व्हायोलिनं नंतर चढवली, डेव्हिड व्हॅन डी पिट याने लिहिलेली आणि डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्राच्या वादकांनी वाजवलेली. मोटाउनच्या गाण्यांतला घुमाराही बहुतेकदा पोटमाळ्यावरून आलेला: तिथे स्पीकर लावून आवाज सोडायचे आणि मायक्रोफोनने त्याचा प्रतिध्वनी परत टिपायचे. मूळचं सभागृह असं काही नव्हतंच. व्हायोलिनं मागे पसरवणारा आजचा अभियंता जुनी जागा पुन्हा उभी करत नसतो, नवी बांधत असतो. माझी त्याला हरकत नाही. 1971 च्या स्टिरिओतली जागाही तशीच बांधलेली होती. फक्त 'अस्सल' हा शब्द जाहिरातीतून काढावा.

खरी कसोटी लागते ती गेच्या आवाजापाशी. मुख्य गाणं त्याने दोनदा, जरा वेगवेगळ्या ढंगात गायलं होतं. त्यातलं कुठलं ठेवावं हे ठरवायला त्याने अभियंता केन सँड्सला दोन्ही ऐकवायला सांगितलं, आणि सँड्सच्या हातून दोन्ही एकाच वेळी वाजली. मार्विनला ते इतकं भावलं की त्याने दोन्ही ठेवली. पुढे स्वतःच्याच आवाजाला स्वतःची साथ ही त्याची ओळख झाली.

म्हणजे चेरीचाच प्रयोग, आणि तोही त्यातला अवघड भाग: एकच माणूस, दोन ध्वनिमुद्रणं, एकाच दिशेने. दोन आवाजांची जात सारखी, स्वर जवळजवळ सारखे. फरक आहे तो उच्चार सुरू होण्याच्या क्षणांत आणि स्वरांच्या बारीक हेलकाव्यांत. मेंदू त्यांना धड एक मानत नाही, धड दोनही नाही. त्या अडखळण्यातून आवाजाला विलक्षण दाटपणा येतो, एखादा माणूस मनातल्या मनात स्वतःला उत्तरं देत असावा तसा. आता सराउंडमध्ये हे दोघं लांबलांबच्या दिशांना ठेवले, तर मेंदू खुशीने त्यांना सोडवील आणि दोन गायक उभे करील. माहिती वाढेल, पण मार्विनला जे भावलं होतं ते जाईल. गलका खुशाल चौफेर पसरवावा, व्हायोलिनं आणि टाळ्या-चुटक्याही. दोन मार्विन मात्र एकमेकांना खेटूनच असावेत, असं माझं ठाम मत आहे.

आपण बहुतेक जण हे हेडफोनवर ऐकणार. तिथे स्पीकर दोनच, तरी आवाज मागून आल्यासारखा वाटतो, कारण कानाच्या पाळीच्या वळ्या वरून, मागून, खालून येणाऱ्या आवाजात वेगवेगळे स्वर किंचित दाबतात आणि संगणक त्या दाबण्याची नक्कल करतो. अडचण एवढीच की नक्कल कुणा दुसऱ्याच्या, सरासरी कानाची असते. 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही जणांच्या कानात छोटे साचे बसवून पाळ्यांचा आकार बदलला. आवाज वरून येतोय की खालून हे त्यांना कळेनासं झालं. काही आठवड्यांत ते नव्या कानांनी शिकले. आणि साचे काढल्यावर जुन्या कानांची ओळखही शाबूत निघाली. ॲटमॉस कुणाला थक्क करतं आणि कुणाला डोक्यातच कोंडल्यासारखं वाटतं, याचं एक मोठं कारण पाळ्यांच्या या फरकात आहे. आवाज समोरून की मागून हा गोंधळ तर हेडफोनवर नेहमीचाच. एरवी आपण मान जराशी वळवून तो सोडवतो, म्हणून काही हेडफोन हल्ली मानेची हालचालही मोजतात.

तुलना करायची असेल तर आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्या. स्ट्रीमिंगसाठीच्या ॲटमॉस मिक्सची सरासरी पातळी उणे 18 एलकेएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) वर नेता येत नाही, तर स्टिरिओचे पुष्कळसे नवे रीमास्टर त्याहून बरेच मोठ्याने वाजवण्यासाठी दाबून बसवलेले असतात. त्यामुळे ॲटमॉसमध्ये ढोलाचा ठोका मोकळा लागतो तेव्हा श्रेय कधीकधी दिशांचं नसतंच, न दाबण्याचं असतं. मोठा आवाज पहिल्या क्षणी चांगलाच वाटतो, हेही विसरू नका.

आणि मूळ कुठलं, यावर भांडायचं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. एप्रिल 1971 मध्ये डेट्रॉइटमध्ये या अल्बमचा स्टिरिओ मिक्स तयार झाला होता. गेने तो बाजूला ठेवला आणि लॉस एंजेलिसमध्ये नव्याने मिक्स करवला. दुकानात पोचला तो हा दुसरा. डेट्रॉइटचा मिक्स 2001 मध्ये प्रकाशित झाला. तो अधिक कोरडा आहे आणि मला जास्त आवडतो.